छापेतलं नाव

त्यांना खुर्ची दिली की ते तिच्याभोवती फिरायचे. बसा म्हटलं की "बसतो की" म्हणायचे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचे आणि प्रदक्षिणा सुरू. आमच्या हिने पहिल्यांदा त्यांना चहा दिला तेव्हा ते कपबशी हातात घेऊन व्हरांड्यातून अंगणात, अंगणातून फाटकापर्यंत आणि फाटकातून थेट रस्त्यावर गेले. दोन घरं सोडून तिसऱ्याच्या ओट्यावर रिकामी कपबशी ठेवून परत आले. ती आणायला मला जावं लागलं. त्या घरच्या बाई म्हणाल्या, "तुमच्याकडे पाहुण्यांना घरात घेत नाहीत का?" पुण्यात हा प्रश्न उत्तराच्या अपेक्षेने विचारत नाहीत, त्यामुळे मी कपबशी घेऊन निघालो.

ते वारज्याचे. तेव्हा वारजे म्हणजे गाव होतं, ज्वारीचं आणि वांग्यांचं. मी शहरातल्या दोन खोल्या सोडून कर्वेनगरला नुकतं घर बांधलं होतं, आणि पेठेतले माझे नातेवाईक मला जंगलात पाठवल्यासारखे डबे घेऊन भेटायला यायचे. आम्ही दोघेही खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात. मी कचेरीत कारकून आणि ते खोकी भरायच्या शेडमध्ये. सकाळी ते वारज्याहून सायकलवर यायचे, माझ्या कोपऱ्यावर घंटी वाजवायचे आणि तिथून पुढे आम्ही जोडीने जायचो.

जोडी कसली, छळ होता तो. हा माणूस गाणी करायचा आणि गायचा, आणि गाण्याची ओळ सुचली की सायकलवरून खाली उतरायचा. कुठेही. पुलावर, चौकात, एकदा तर लष्कराचे ट्रक मागे लागलेले असताना. उतरायचे, हँडल धरून चालू लागायचे आणि ओठांतल्या ओठांत ओळ घोळवायचे. ती जागेवर बसली की पुन्हा टांग टाकायची. दोन ओळी सुचल्या त्या दिवशी आम्हा दोघांच्या नावापुढे उशिराचा शेरा. मी का थांबायचो, असं मला हीसुद्धा विचारायची. मी तिला सांगायचो की रस्ता सुनसान आहे, सोबत बरी. खरं कारण वेगळं होतं. ती ओळ पुढे काय होते ते ऐकल्याशिवाय मला पुढे जाववत नसे.

मी त्यांना शाहीर म्हणायचो. ते मला कारकूनसाहेब म्हणायचे, आणि त्यातला 'साहेब' किती खरा हे मला कधीच कळलं नाही.

त्यांचा आवाज गोड नव्हता. चार शेतं पलीकडच्या माणसाला हाक मारायला लागतो तसला होता. पण लग्न असो, बारसं असो, जत्रा असो, नदीकाठच्या गावांत त्यांना बोलावणं असायचं. बोलावणं असायचं, मान असायचाच असं नाही. जत्रेत कुस्त्यांच्या दोन जोड्यांमध्ये जेवढा वेळ रिकामा तेवढा यांचा. मध्येच पैलवान तयार झाले की कडवं अर्धं सोडून उतरायचं. लग्नात मंडपवाले म्हणायचे, शाहीर, सिनेमातल्या चालीवर काहीतरी होऊ द्या. हे नाही म्हणायचे आणि जेवायच्या पंगतीत शेवटचे बसायचे. म्हणजे उभ्यानेच जेवायचे. घरी दोन्ही भाऊ शेताचे तुकडे करून विकत होते, आणि सही करायला यांना शोधावं तर हे कुठल्या तरी गावी डफ वाजवत उभे. बायको लवकर गेलेली. एक मुलगी होती, ती लहानपणापासून एकटीच घर सांभाळायची आणि कधी रविवारी बापाबरोबर आमच्याकडे भाजी घेऊन यायची. जे बोलायचं ते मोजकं आणि नेमकं बोलायची. आमच्या हिचा तिच्यावर फार जीव.

आता मुख्य गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो. अमुक म्हणे, तमुक सांगे, असं. तिला छाप म्हणतात. गाणं दहा गावं फिरलं, दहा तोंडांत गेलं, तरी छापेवरून कळतं की हे कुणाचं. रचणाऱ्याची तेवढीच मालमत्ता. आणि आमचे शाहीर स्वतःच्या गाण्यात स्वतःची छाप कधी घालत नसत. ज्याच्या दारात गाणं सुचलं त्याचं नाव घालायचं, हा त्यांचा नियम. का, म्हणून मी हजार वेळा विचारलं. ते म्हणायचे, दार त्यानं दिलं, मग नाव दुसऱ्या कुणाचं घालू?

त्यामुळे काय व्हायचं बघा. कर्वेनगरच्या वळणावर एक पंक्चर काढणारा होता. त्याच्या टपरीसमोर यांना एक शृंगारिक गाणं सुचलं आणि शेवटी त्या पंक्चरवाल्याचं नाव. दोन महिन्यांत ते गाणं कोथरूडपासून खडकवासल्यापर्यंत पसरलं. तो गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून ट्यूब पाण्यात बुडवू लागला आणि गिऱ्हाइकांशी बोलेनासा झाला. कारखान्यात आमच्या फोरमनने यांना केबिनमध्ये बोलावून उशिराबद्दल झापलं, आणि तिथे उभ्याउभ्या यांना दूध चोरणाऱ्या म्हशीचं गाणं सुचलं. दार कुणाचं? फोरमनचं. मग छाप त्याची. शाहिरांना तिसऱ्या दिवशी लांबच्या शेडमध्ये टाकलं. ते म्हणाले, चाल मोठी हाय, पाय मोकळं हुत्यात.

मला राग यायचा. खोटं कशाला सांगू, मनापासून राग यायचा. कारण मीही कविता करायचो. कॉलेजात असल्यापासून मासिकांना पाठवत होतो आणि त्या परत येत होत्या, दर वेळी छापील चिठ्ठीसह. माझी एक ओळ कुणाच्या तोंडात बसली नाही, आणि हा माणूस आपली गाणी चिवड्यासारखी वाटत सुटलाय. मी घरी बसून त्यांची गाणी एका वहीत उतरवून घ्यायला लागलो. ते स्वतः चौथी शिकलेले, लिहिता यायचं. पण लिहायला बसावं लागतं, अशी त्यांची अडचण.

एका रविवारी सकाळी ते आमच्याकडे आले. मुलीचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. तिला डोंगरापलीकडे, मुळशीच्या बाजूला दिली होती. आमच्या अंगणातून तो डोंगर दिसायचा, तेव्हा मध्ये इमारती नव्हत्या. ते लिंबाच्या झाडापासून फाटकापर्यंत फेऱ्या घालत होते आणि डोंगराकडे बघत होते. मी पेपर वाचत होतो. ही आत तांदूळ निवडत होती. आणि ते गाऊ लागले.

म्हायेरी डोंगर तोंडानं बोले,
सासरी दावितो पाठ गं बाई,
सासरी दावितो पाठ.
कुन्या अंगानं मारू मी हाक,
कुठं सापडंल वाट गं बाई,
कुठं सापडंल वाट.

ही सूप हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली. पाच कडवी झाली. सहाव्यात बाप डोंगराला विनवतो की बाबा रे, एकदा तोंड फिरव, माझी पोर तिकडून बघतेय. त्या कडव्याच्या पहिल्याच शब्दात छाप होती. माझं नाव, आणि पुढे 'म्हणे'.

गाणं संपलं तेव्हा ही पदराने डोळे पुसत होती. मी पेपर धरून बसलो होतो. मला काय वाटलं ते सांगून टाकतो, या वयात लपवून काय करायचं. मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला नोकरी लागली तेव्हाही वाटलं नव्हतं. मी ते गाणं त्याच दिवशी वहीत उतरवलं, आणि शेवटचं कडवं जरा जास्तच घोटून लिहिलं.

पुढे पंचमीला मुलगी माहेरी आली. बापाबरोबर आमच्याकडेही आली. हिने तिला आत नेलं, दोघी बराच वेळ बोलत होत्या. सासरी हाल नव्हते, खायला-प्यायला होतं. पण उठता-बसता टोमणे. तमासगिराची पोर, फिरस्त्याची पोर, हिच्या बापाला एका जागी उभं राहता येत नाही, ही काय संसार करणार. सासरा त्यात पुढे. त्याच्या घरी रेडिओ होता आणि तो म्हणजे देव. त्यावर भरतकामाचा रुमाल. बाजारभाव रेडिओने सांगितले तर खरे, पाऊस रेडिओने सांगितला तर येणार.

जाताना ती व्हरांड्यात बापासमोर उभी राहिली. "बाबा, आजवर मी तुमच्याकडं काय मागितलं न्हाई," ती म्हणाली. "रेडिओवर एकदा तुमचं नाव येऊ द्या. एकदाच. त्यांच्या समोर."

शाहीर फेऱ्या घालायचे थांबले. मी त्यांना असं थांबलेलं क्वचितच पाहिलं. म्हणाले, "येईल."

झालं. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात दुसरं काही नाही आणि माझ्याही. बुधवार पेठेत एक गृहस्थ गाण्यांच्या रेकॉर्डी काढायचे. त्यांच्या रेकॉर्डी रेडिओवर लागायच्या. मी वही घेऊन गेलो, डोंगराचं गाणं वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, माणसाला घेऊन या.

त्याआधी छापेचा प्रश्न होता. मी शाहिरांना म्हटलं, आता तुमचं नाव घाला. माझं काढा. हे मी म्हटलं होतं हं, हे माझ्या बाजूने एवढं तरी लिहून ठेवतो. त्यांनी आठ दिवस प्रयत्न केला. सायकलवरून उतरून, चालत, वेगवेगळ्या ठिकाणी आपलं नाव बसवून बघायचे आणि लाजायचे. शेवटी म्हणाले, "जमत न्हाई. सोताच सोताला हाक मारल्यागत वाटतंय. आन् दार तुमचं हाय, दिलेलं नाव मागं घेत न्हाईत. गाण्यात तुमचं ऱ्हाऊ द्या. पर रेडिओवाला गाण्याच्या आधी सांगतो न्हवं, गीत कुनाचं म्हनून? तिथं माझं सांगाया लावा. लेकीला तेवढं पुरं."

यात न कळण्यासारखं काही होतं का? आत माझं नाव, बाहेर त्यांचं. मला स्वच्छ कळलं होतं.

रेकॉर्डवाल्यांच्या माडीवर जे झालं ते आज हसू येण्यासारखं आहे. खोलीच्या मधोमध मायक्रोफोन. शाहिरांना सांगितलं की हलायचं नाही. दोन ओळी ते हलले नाहीत. तिसरीला निघाले. मालकाने खडूने जमिनीवर गोल काढला आणि त्यात उभं केलं. पुढच्या वेळी शाहीर गात गात गोलाबाहेर, दाराबाहेर, जिन्यावरून खाली रस्त्यावर गेले, आणि उरलेलं गाणं आम्हाला खिडकीतून ऐकू आलं. तिसऱ्या वेळी दोन्ही खांदे धरून मालकाने उभं ठेवलं तर शब्द बदलले. मालक म्हणाला, मघाशी वेगळं म्हणालात. शाहीर म्हणाले, मघाशी ती पोर उभी व्हती, आता ती खाली बसलीया. मालकाने कपाळाला हात लावला.

शेवटी ठरलं की गाणं घ्यायचं, पण गायला दुसरा माणूस. रेडिओवर गाणारा, एका जागी उभा राहणारा. मला वाटलं शाहीर नाराज होतील. छे. गाऊ दे कुनीबी, म्हणाले, नाव तेवढं सांगा.

कागद पुरे करायला मी एकटाच गेलो, त्यांची कारखान्यात पाळी होती. मालक लिहीत होता. चाल पारंपरिक. गायक अमुक. मग गाण्याचा कागद उलटून त्याने शेवटचं कडवं वाचलं आणि विचारलं, "हे छापेतलं नाव आपलंच ना?"

मी म्हटलं, "हो."

प्रश्नाचं उत्तर खरंच होतं. त्याने गीत या शब्दापुढे माझं नाव लिहिलं. मी ते उलट बाजूने वाचलं. खिडकीतून रस्त्यावरच्या टांग्याचा आवाज येत होता, मालक शाई वाळवत होता. एवढंच बोलायचं होतं की गीत त्यांचं, नाव माझं. चार शब्द. मी जिना उतरलो, सायकल काढली आणि घरी आलो. वाटेत स्वतःला सांगत होतो की उद्या येऊन दुरुस्त करू.

उद्या गेलो नाही. परवाही नाही. महिन्या-दीड महिन्याने मालकाने रेकॉर्ड हातात दिली. त्यावर माझं नाव छापलेलं. माझं नाव आयुष्यात पहिल्यांदा छापलेलं. मी ती घरी आणून गाद्यांच्या घड्यांखाली ठेवली. हिलाही सांगितलं नाही. शाहिरांना म्हणालो, रेकॉर्ड अजून यायची आहे. मनाला समजावलं की रेडिओवाले बहुतेक गायकाचंच नाव सांगतील.

रेकॉर्डवाल्याला त्याच्या कुठल्या तरी ओळखीने आधी कळलं की येत्या गुरुवारी दुपारी ते लागणार. शाहिरांनी रविवारी केस कापले आणि डोंगर चढून पायी पलीकडे गेले. मुलीला सांगून आले की गुरुवारी सगळ्यांना समोर बसव. सोमवारी सायकलवरून जाताना ते एकदाही उतरले नाहीत. सारखे बोलत होते. सासऱ्याने चहा विचारला, म्हणाले. पहिल्यांदाच.

सांगायला तेव्हाही वेळ होता. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, चार सकाळी. रोज खडकीपर्यंत एवढा रस्ता.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये रेडिओ चालू होता. शाहीर दारात उभे. निवेदिकेने गायकाचं नाव सांगितलं. मग गीत म्हणून माझं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट.

टेबलावरची माणसं माझ्या पाठीवर थापा मारायला लागली. कारकुना, छुपा रुस्तम निघालास की. मला दारातला माणूस दिसत नव्हता, मध्ये माणसं होती. गाणं संपलं, मी उठून पाहिलं, तर ते नव्हते.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर घंटी वाजली नाही. मी जोरात सायकल मारून त्यांना पुलावर गाठलं. चालत नव्हते, सायकलवरच होते, खाली मान घालून. मी काय काय बोललो ते आठवत नाही. चुकलं म्हणालो, मालकाने विचारलं तेव्हा बोललो नाही म्हणालो. सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "तुमचा राग न्हाई मला. पर पोरीनं सगळ्यास्नी समोर बसवलं असंल." आणि ते पुढे निघून गेले.

मी घरी येऊन हिला सांगितलं. ही कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "बापाने लेकीवर केलेलं गाणं घेतलंत तुम्ही." मग म्हणाली, "आता माझ्याकडे बघत उभे राहू नका. जे फाडलंय ते शिवायला जा." लग्नानंतर एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. अजून वाटते.

आधी बुधवार पेठेत गेलो. मालकाला सांगितलं की गीत माझं नाही, शाहिरांचं. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, या रेकॉर्डी तर गेल्या, पुढच्या खेपेला नाव बदलतो, रेडिओलाही कळवतो. ते पदरात पाडून घेतलं आणि रविवारी एसटीने डोंगरापलीकडे निघालो. सासऱ्यासमोर उभं राहायचं, आपलं नाव सांगायचं आणि म्हणायचं की हे गाणं तुमच्या व्याह्यांचं आहे, मी चोर आहे. वाक्य पाठ केलं होतं.

मी दारात पोचलो तर मुलीने मला आधी पाहिलं. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि मी तोंड उघडायच्या आत सासऱ्याला म्हणाली, बाबांच्या कारखान्यातलं कारकूनसाहेब हायत. सासरा उठून उभा राहिला. या, या म्हणाला. घोंगडी टाकली, वर स्वच्छ चादर टाकली.

आणि मी बोलणार तोच तो बोलायला लागला. थांबेचना. काय गाणं हो, म्हणाला. अख्खी आळी गोळा झाली होती. "आन् आमचं व्याही बगा, एवढं मोठं, पर कधी बोललं न्हाईत. रेडिओवर नाव आलं तर आमाला कळंना हे कोन. तवा सुनबाईनं सांगितलं. शाहीर लोकांचं गान्यातलं नाव येगळं असतंय म्हनून. घरचं येगळं, गान्यातलं येगळं. आमी अडानी, आमाला काय ठावं."

मी मुलीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. नुसती बघत होती. सगळ्या घरासमोर रेडिओने दुसऱ्याचं नाव घेतलं त्या क्षणी त्या पोरीने बापासाठी ते नाव उचललं होतं. त्या घरात माझं नाव आता तिच्या बापाचं होतं.

"आपलं नाव काय म्हनायचं?" सासऱ्याने विचारलं.

पाठ केलेलं वाक्य गेलं. मी माझ्या मेहुण्याचं नाव सांगितलं. तोंडात तेवढंच आलं. आणि तो माणूस मला मुळीच आवडत नाही.

निघताना ती फाट्यापर्यंत आली. एसटी दिसली. मग म्हणाली, "बाबांना सांगा, नाव आलं म्हनावं. आन् त्ये बदलू नका आता."

सोमवारी सकाळी मी कोपऱ्यावर आधीच जाऊन उभा राहिलो. शाहिरांना सगळं सांगितलं. ते सायकलवरून उतरले. हँडल धरून बराच वेळ चालले, मला वाटलं ओळ सुचतेय. पुलाच्या मध्यावर त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "पोर माझी हुशार हाय." थोडं पुढे जाऊन म्हणाले, "मग त्ये रेकॉर्डवाल्याचं मोडा. पुढच्या खेपेला माझं नाव आलं तर तिचं खोटं पडंल."

म्हटलं, "शाहीर, मग तुमचं नाव कायमचं गेलं."

"गेलं तर गेलं," ते म्हणाले. "तुमी सांभाळा म्हंजी झालं. कुठं कबूल-बिबूल करू नका."

मी पुन्हा बुधवार पेठेत गेलो आणि गीत माझंच आहे असं सांगितलं. मालक म्हणाला, "एकदा काय ते ठरवा. आमच्याकडे कवी असे येत नाहीत."

ते गाणं पुष्कळ चाललं. मंडळांनी मला बोलावलं, नारळ आणि शाल दिली. मी गेलो. न जाऊन चाललं नसतं, बातमी डोंगरापलीकडे जाते. दुसरं गाणं कधी करणार, असं लोक विचारायचे आणि मी हसायचो. लोक म्हणायचे किती साधा माणूस. शाहीर शेवटपर्यंत गाणी करत राहिले, शेवटपर्यंत लोकांची दारं शोधत राहिले, आणि एका उन्हाळ्यात दोन दिवसांच्या तापाने गेले. त्यांच्या जागेवर आता चौदा मजली इमारत आहे. गेटवर त्यांचं नाव असावं, असं भावांना वाटलं नाही.

वर्षातून एकदा मी पलीकडे जातो, मेहुण्याच्या नावाने. सासरा केव्हाच वारला. मी तिला म्हटलं होतं, आता सांगून टाकू का? ती म्हणाली, आता कुनाला सांगता, आता सगळ्यांना तसंच ठावं हाय. म्हणून इथे मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. तिच्या ओसरीवर तिची नातवंडं खेळतात. गेल्या खेपेला मला बघून त्यांनी ते गाणं म्हणून दाखवलं, सहाही कडवी, न अडखळता. शेवटच्या कडव्याला धाकटीने हात जोडले, माझं नाव घेतलं आणि मला सांगितलं की हे आमचे पणजोबा.